एप्ट ऑटोरिमूव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

डेबियन या लिनक्स प्रणालीवर एप्ट हे साधन पॅकेजेस (म्हणजे सॉफ्टवेअरचे संच) बसवतं आणि काढतं. त्यातली, गरज न उरलेली पॅकेजेस काढणारी ‘एप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा बरेच महिने नेमाने चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय. साधन भरवशाचं आहे, पण तो भरवसा एका यादीवर टिकून आहे आणि ती यादी नीट ठेवणं आपल्याकडे आहे.

एप्ट प्रत्येक पॅकेजची एक नोंद ठेवतं: हे तुम्ही मागितलं, की दुसऱ्या पॅकेजला लागतं म्हणून सोबत आलं? सोबत आलेल्याची गरज कुणालाच उरली नाही, की ते काढायच्या यादीत जातं. तुम्ही ते रोज वापरता का, हे एप्ट बघत नाही. एखादी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) सोबत आली आणि तुम्ही एप्टशिवाय, सोर्समधून स्वतः कंपाइल केलेला प्रोग्रॅम तिच्यावर चालू लागला, तरी एप्टच्या लेखी ती कुणालाच नको असते. म्हणून अशा लायब्ररीवर मी लगेच ‘एप्ट-मार्क मॅन्युअल’ चालवतो, म्हणजे ती मी मागितलेली अशी नोंदली जाते. ‘शोमॅन्युअल’ची, म्हणजे मागितलेल्या म्हणून नोंदलेल्या पॅकेजेसची, यादीही अधूनमधून वाचतो. कधीतरी करून पाहिलेली आणि विसरलेली पॅकेजेस तिथेच सापडतात. ती ऑटोरिमूव्हच्या हाती कधीच लागत नाहीत.

कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) बाबतीत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. चालू कर्नल आणि सर्वात नवं कर्नल सुरक्षित राहतं, जुनी जातात, ‘बूट’ विभाजन भरत नाही. पॅकेज काढलं तरी त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली मागे राहतात. त्या नको असतील तर ‘पर्ज’ जोडावं लागतं.

फेडोरासारख्या प्रणालींवरचं डीएनएफ मूळ पॅकेज काढतानाच निरुपयोगी झालेली अवलंबनंही (त्याला लागणारी इतर पॅकेजेसही) काढतं. आर्च लिनक्सच्या पॅकमॅनमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. मला एप्टची दोन टप्प्यांची पद्धत आवडते, कारण मधे यादी वाचायला उसंत मिळते. सर्व्हरवर तर मी आधी ‘सिम्युलेट’ करूनच (काही न काढता, काय जाईल ते) बघतो. आपोआप अपग्रेड करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सला सगळी अनाथ (कुणालाच नको असलेली) पॅकेजेस काढायची मुभा देता येते. ती मी दिलेली नाही. त्याने केलेल्या अपग्रेडमुळे नव्याने निरुपयोगी झालेली पॅकेजेस ते मुळातच काढतं, आणि तेवढं पुरतं.

उणीव एकच जाणवते. ऑटोरिमूव्हच्या यादीत नावं दिसतात, पण कोणतं पॅकेज गेल्यामुळे ती आली हे दिसत नाही, मग ‘हिस्टरी’ लॉग चाळावा लागतो. उलट, एखादं पॅकेज अजून का टिकून आहे हे एप्टिट्यूड या दुसऱ्या पॅकेज-साधनाची ‘एप्टिट्यूड व्हाय’ ही आज्ञा चटकन सांगते, त्यामुळे एप्टिट्यूड मी ठेवलेलंच आहे.