वीस ओळींची स्क्रिप्ट आणि सोसायटीचा आरतीसंग्रह

सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी आरतीसंग्रह छापायचा होता. ए-५ आकाराची २६ पृष्ठे तयार होती. ती ए-४ कागदावर पाठपोट छापून मधोमध घडी घालायची आणि दोन पिना मारायच्या, एवढेच काम उरले होते. पृष्ठांची जुळणी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या, पीडीएफ हाताळणाऱ्या ‘पायपीडीएफ’ या मोफत लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) बेतलेल्या वीसेक ओळींच्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने केली.

अशा पुस्तिकेत पृष्ठसंख्येला चारने भाग जावा लागतो, म्हणून २६ची २८ झाली आणि प्रतीला सात कागद लागले. पहिल्या कागदावर २८ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि २७. सर्वांत आतल्या कागदावर १६ आणि १३, पाठीवर १४ आणि १५. शेजारच्या दोन पृष्ठांची बेरीज दरवेळी २९ यायला हवी. ती आली नाही तर चूक कागद वाया जाण्याआधीच कळते. स्क्रिप्ट ८४२ बाय ५९५ पॉइंटांच्या (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग), म्हणजे ए-४ मापाच्या आडव्या कोऱ्या पानावर डावे पृष्ठ जागच्या जागी आणि उजवे ४२१ पॉइंट सरकवून ठेवते. मजकुराला हात लागत नसल्याने जोडाक्षरे फुटत नाहीत. पीडीएफ वर्डमध्ये उघडल्यावर देवनागरीचे काय हाल होतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

तक्रारी दोन. इंटरनेटवरची बरीच उदाहरणे ‘पायपीडीएफ२’ या जुन्या नावाची आहेत. २०२२च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत आज्ञांची जुनी नावे काढून टाकल्यामुळे ती उदाहरणे जशीच्या तशी चालत नाहीत. दुसरी चूक खरे तर माझीच: कोरी पृष्ठे मी सरसकट शेवटी जोडली, त्यामुळे मंत्रपुष्पांजलीचे मलपृष्ठ आत गेले आणि बाहेर कोरा कागद राहिला. कोरी पृष्ठे शेवटच्या पृष्ठाच्या आधी घातल्यावर ते सुधारले.

ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या खिडकीतही ‘बुकलेट’ची सोय आहे आणि घरी प्रिंटर असेल तर ती पुरेशी आहे. मात्र पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या छपाईच्या दुकानात गर्दीच्या वेळी तो पर्याय शोधायला कोणाला सवड नसते. तयार जुळणीची फाइल दिली की ‘पाठपोट, शॉर्ट एज’ (कागद आखूड कडेवरून उलटायचा) एवढेच सांगावे लागते. एका दुकानदाराने तेही न ऐकता लाँग एजवर छापले आणि प्रत्येक कागदाची पाठ उलटी आली. तेव्हापासून मी आधी एकच प्रत काढून घडी घालून पाहतो.

घडी घातल्यावर आतली पाने किंचित बाहेर डोकावतात, त्याची भरपाई ही स्क्रिप्ट करत नाही. सात कागदांना बाइंडरकडून कडा कापून घेणे पुरले. शंभरेक पृष्ठांच्या स्मरणिकेसाठी मात्र सोळा-सोळा पृष्ठांचे फर्मे (वेगवेगळे घडी घालायचे गठ्ठे) पाडावे लागतील आणि त्यासाठी स्क्रिप्टमध्ये आणखी एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, लिहावा लागेल.