व्हॅनिला पावडर: काळपट घ्यावी की पांढरी?

‘व्हॅनिला पावडर’ या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. कस्टर्ड पावडर त्यात धरायची नाही. तो रंग आणि वास घातलेला कॉर्नफ्लोअर.

गडद तपकिरी पावडर म्हणजे शेंगांची पूड. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडची ऑर्किडची वेल. तिचं फूल एक दिवसच टिकतं आणि लागवडीत परागीकरण हातानेच करावं लागतं. त्याची सोपी रीत 1841 साली रियुनियन बेटावर एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. मादागास्करमध्ये काय किंवा कर्नाटक-केरळच्या बागांत काय, आजही तसंच चालतं. शिवाय पाच-सहा किलो हिरव्या शेंगा महिनोन्‌महिने मुरवून-वाळवून हाती येतो जेमतेम एक किलो माल. म्हणून ही पूड स्वस्तात मिळत असेल तर मला शंका येते: अर्क काढून उरलेल्या चोथ्याचीही पूड होते. तिचे काळे ठिपके आइस्क्रीमवर छान दिसतात, वास मात्र नसतो. चिमूटभर कोमट दुधात ढवळून हुंगा, लगेच कळेल.

पांढऱ्या पावडरीत मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली बेचव पूड) किंवा डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर) असतं. त्यावर खरा व्हॅनिला अर्क चढवलेला असेल तर ती दुसरी वस्तू, कृत्रिम व्हॅनिलिन असेल तर तिसरी. दिसायला दोन्ही सारख्याच, तेव्हा घटकांची यादी वाचायची: ‘अर्क’ लिहिलंय की ‘कृत्रिम स्वाद’. व्हॅनिलिन 1874 पासून प्रयोगशाळेत बनतं. शेंगेतलं मुख्य सुगंधी द्रव्यही तेच. शेंगेत त्याच्या जोडीला इतर कितीतरी गंध असतात, फरक पडतो तो त्यांचा. त्यामुळे कृत्रिम म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही, फक्त किंमतही त्याच मानाने द्यावी.

चॉकलेट केक, नानकटाई, कुकरमधला रव्याचा केक यांसाठी मी तरी कृत्रिमच घेईन. भट्टीच्या उष्णतेत आणि कोकोच्या जोरापुढे महागडी पूड ओळखूही येत नाही. आइस्क्रीम, घरचं कस्टर्ड, पॅनाकोटा (सायीचं इटालियन गोड), जिथे व्हॅनिलाच मुख्य चव आहे, तिथे शेंगेची पूड. ती दूध-साय गरम असतानाच घालून झाकून ठेवा. स्निग्धांशात वास चांगला उतरतो. श्रीखंड-बासुंदीत मात्र यातलं काहीच नको. वेलची-केशर तिथे पुरेसं आहे.

पांढऱ्याशुभ्र आयसिंगला तपकिरी ठिपके चालणार नसतील तर अर्काची पांढरी पावडर. केकचं कोरडं मिश्रण करून डब्यात भरून ठेवायचं असेल तर कुठलीही पावडर इसेन्सपेक्षा बरी, कारण पातळ इसेन्सने पिठाच्या गुठळ्या होतात. एक्स्ट्रॅक्टमधलं, म्हणजे बाटलीतल्या पातळ अर्कातलं, अल्कोहोल नको असणाऱ्यांसाठी शेंगेची निव्वळ पूड सोयीची. अर्काची पांढरी पावडर मात्र त्यांनी पाकीट वाचूनच घ्यावी.

रेसिपीत एक चमचा एक्स्ट्रॅक्ट असेल तर शेंगेची पूड अर्ध्या चमच्यापासून सुरू करा. कृत्रिम पावडरीचा जोर ब्रँडनुसार बदलतो, पाकिटावरच्या मापापुढे जाऊ नका. जास्त झाली की कडवट लागते. तिन्ही पावडरी घट्ट झाकणाच्या कोरड्या काचेच्या बाटलीत, शेगडीपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नकोत, सारखी काढघाल केली की ओल धरतात.