स्केनेक्टडी पटर (१९०३ चं पेटंट) : ट्रॅव्हिसच्या नादाने घेतला, कसा निघाला ते सांगते

पाचपैकी साडेतीन स्टार. (पटर म्हणजे गोल्फमधे बॉल हळूच होलमधे ढकलायची काठी.) नुसता खेळायला घेणार असाल तर अडीचच धरा, आणि माझ्यासारखे वॉल्टर ट्रॅव्हिस या जुन्या काळच्या गोल्फरच्या नादी लागलेले असाल तर साडेचार, म्हणून मधलं काहीतरी दिलंय.

आधी वस्तू काय ते सांगते कारण फोटोत नीट कळत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव डोकं, पुढून सपाट, मागून गोलसर फुगीर, आणि हिकरीच्या लाकडाचा दांडा. आज बघितलं तर त्यात काय मोठंसं असं वाटेल, कारण आता दुकानात गेलं की अशी मॅलेट टाइपची, म्हणजे जाड हातोड्यासारखी, डोकी ढिगाने असतात. पण त्या काळात पटर म्हणजे लोखंडाची पातळ पट्टी नाहीतर लांबट लाकडी डोकं, आणि दांडा बहुतेक करून एका टोकाला, खेळणाऱ्याच्या बाजूच्या, म्हणजे हीलला. यात तो जवळजवळ मधोमध येतो, अगदी मधे नाही, हीलकडे जरासा सरकलेला. हा काढला आर्थर नाइटने, तो इथे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीतच जनरल इलेक्ट्रिकमधे होता, म्हणून गावाचं नाव पटरला. इथल्या मराठी मंडळातले कितीतरी लोक जीईत आहेत किंवा होते, गणपतीच्या जेवणाला टर्बाइनच्या गप्पा चालतात, पण आपल्या कंपनीतल्या माणसाने बनवलेल्या पटरवर पुढे चाळीस वर्षं बंदी होती हे विचारा, एकालाही माहिती नाही. मलाही गोल्फ शिकायला लागेपर्यंत माहिती नव्हतं.

घेतला इथल्याच एका जुन्या सामानाच्या दुकानातून, दीडशे ते दोनशे डॉलरच्या मधे. दुकानदार आजोबा बोलके, घासाघीस केली तर थोडे उतरले, वर दांड्याला लावायला जवसाचं तेल वापर, वार्निश फासू नकोस असं बजावून सांगितलं, त्यामुळे सर्व्हिसला पूर्ण मार्क. डोक्यावर नाव आणि २४ मार्च १९०३ ही पेटंटची तारीख व्यवस्थित वाचता येते. ग्रिपचं चामडं नंतर कोणीतरी बदललेलं आहे, दांडा डोळ्यासमोर धरून बघितला की हलकासा बाक दिसतो, आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने खालच्या बाजूला बारीक पोचे आहेत. शंभरहून जास्त वर्षांच्या वस्तूला एवढं चालायचंच.

आता ट्रॅव्हिस. हा माणूस समजल्याशिवाय या पटरचे पैसे वसूल होत नाहीत.

जन्म १८६२, ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातलं माल्डन. हार्डवेअर निर्यात करणाऱ्या कंपनीच्या कामाने न्यूयॉर्कला आला आणि तिथलाच झाला. गोल्फ? छे, पोराटोरांचा खेळ असंच त्याचं मत होतं म्हणे. १८९६ मधे मित्रमंडळींनी गोल्फ क्लब काढायचं ठरवलं तेव्हा लंडनला असताना याने एक सेट विकत घेतला, तेही फारशी हौस नसताना, आणि त्या ऑक्टोबरमधे लाँग आयलंडवर पहिल्यांदा बॉल मारला. वय चौतीस पूर्ण. आपल्याकडे या वयात लोक गुडघ्याला पट्टा बांधून वॉकला जायचा विचार करायला लागतात. दोनच वर्षांत, १८९८ ला, गडी हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, म्हणजे यूएस अ‍ॅमेच्युअरच्या सेमीफायनलला, तिथे फिंडले डग्लसने हरवलं. पुढच्या वर्षी परत सेमीफायनल, परत डग्लसने हरवलं. १९०० ला गार्डन सिटीला फायनल, समोर कोण तर डग्लसच, आणि यावेळी ट्रॅव्हिस जिंकला. १९०१ ला जिंकला, १९०३ ला परत. लोक त्याला 'ओल्ड मॅन' म्हणायचे ते काही कौतुकाने असं नाही, समोरची पोरं खरंच विशी-पंचविशीतली असायची आणि हा दाढी राखलेला, काळा सिगार तोंडात, एक शब्द न बोलता खेळणारा माणूस.

मला तो आवडतो त्याचं कारण वेगळं आहे. अंगात ताकद नाही, ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) आखूड, लहानपणापासूनचा स्विंग नाही, हे त्याला पक्कं माहिती होतं आणि म्हणून त्याने पुस्तकं वाचून, एकेक शॉट सुटा करून, हिशोबाने खेळ बांधला. बॉल सरळ ठेवायचा, वाळूत जायचं नाही, आणि ग्रीनजवळ (होलभोवतीच्या बारीक गवताजवळ) आलं की समोरच्याला रडवायचं. पटिंगचा, म्हणजे ग्रीनवरून पटरने बॉल होलमधे घालायचा, सराव करायला तो नेहमीपेक्षा लहान होल वापरायचा, म्हणजे मॅचमधे सव्वाचार इंचाचं होल समोर आलं की ते विहिरीएवढं दिसत असणार. शिवाय नवीन सामानाला कधी नाक मुरडलं नाही. १९०१ ची चँपियनशिप त्याने हॅस्केल बॉलने जिंकली, आत रबराचा दोरा ताणून गुंडाळलेला आणि वरून गटापर्चाचं (झाडाच्या चिकाचं) कवच असलेला तो नवा बॉल, तेव्हा बरेच जण त्याला हसत होते आणि दोन वर्षांत सगळे तोच वापरायला लागले. आज असता तर प्रॉडक्ट रिव्ह्यूचं चॅनल नक्की चालवलं असतं त्याने, आणि फार खडूस चालवलं असतं.

पटरची मेन गोष्ट १९०४ ची. ब्रिटिश अ‍ॅमेच्युअर, इंग्लंडमधे सँडविचला, रॉयल सेंट जॉर्जेसवर. तोपर्यंत ही स्पर्धा बाहेरच्या कोणी जिंकलेली नव्हती. ट्रॅव्हिस आधी स्कॉटलंडला जाऊन सराव करत होता आणि पटिंग पार बिघडलेलं, ज्याच्या जिवावर पोट भरायचं तेच गेलं. शेवटी सोबतच्या अमेरिकन मित्राने आपला स्केनेक्टडी पटर त्याच्या हातात दिला, वापरून बघ म्हणून. म्हणजे उसना पटर! हा प्रकार त्याला अगदीच अनोळखी नव्हता, दोन वर्षांपूर्वी यूएस ओपनलाही (ही हौशी-व्यावसायिक सगळ्यांना खुली) त्याने वापरला होता, आणि तिथे अ‍ॅमेच्युअर असून दुसरा आला होता. पण एवढी मोठी स्पर्धा उसन्या पटरने खेळायची म्हणजे...

यजमानांनी वागवलं कसं याबद्दल त्याने पुढे बरंच कडू लिहिलं, लॉकर मिळाला नाही, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) अगदी कुचकामी मिळाला आणि बदलून मागितला तर बदलून दिला नाही वगैरे. यात थोडं त्याच्या स्वभावाचंही असावं असं मला वाटतं कारण माणूस काही गोड बोलून दोस्त करणारा नव्हता, आल्या आल्या घुम्यासारखा सराव करत राहिला तर यजमान तरी काय लाडू वळणार. पण मैदानावर त्याने हॅरल्ड हिल्टनला काढलं, होरेस हचिन्सनला काढलं. ही नावं ज्यांना माहिती नाहीत त्यांच्यासाठी, हिल्टन म्हणजे अ‍ॅमेच्युअर असून दोनदा ब्रिटिश ओपन जिंकलेला माणूस आणि हचिन्सन दोनदा याच स्पर्धेचा चँपियन. फायनलला एडवर्ड ब्लॅकवेल, त्या काळातला सगळ्यात लांब मारणाऱ्यांपैकी एक. तो ड्राइव्ह मारून ट्रॅव्हिसच्या कितीतरी पुढे जायचा आणि ट्रॅव्हिस मागून शांतपणे ग्रीनवर येऊन लांबलचक पट (पटरचा फटका) आत घालायचा. ४ अँड ३ ने, म्हणजे तीन होल बाकी असतानाच चार होलने पुढे जाऊन, जिंकला, बेचाळीसाव्या वर्षी. टाळ्या म्हणे अगदी मोजक्या पडल्या. बक्षीस देताना लॉर्ड नॉर्थबोर्नने जे भाषण केलं त्यात थेट रोमन लोकांच्या स्वारीपर्यंत मागे जाऊन असं पुन्हा होऊ नये अशी इच्छा बोलून दाखवली, पाहुण्याच्या तोंडावर! तशी ती पुढे बरीच वर्षं पुरीही झाली, अमेरिकेत जन्मलेला पहिला विजेता, जेस स्वीट्झर, १९२६ ला आला.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी हा पटर म्युनिसिपल कोर्सच्या प्रॅक्टिस ग्रीनवर नेला, आणि आता खरा रिव्ह्यू.

आवाज. याला फुल मार्क. बॉल मधोमध लागला की एक कोरडा टक् असा आवाज येतो आणि हिकरीतून तो हातापर्यंत पोचतो, कुठे लागला ते डोळे मिटून कळतं. हल्लीच्या मऊ इन्सर्टवाल्या (तोंडाला मऊ थर बसवलेल्या) पटरमधे हे हरवलंय, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं लागतं. बॅलन्सही चांगला आहे, दांडा मधे असल्याने बॉल थोडा टोकाला लागला तरी डोकं पट्टीच्या पटरसारखं गर्रकन फिरत नाही, १९०३ ला हे हातात आलं तेव्हा लोकांना जादू वाटली असेल यात शंका नाही.

अडचण अंतराची. डोक्याला तोंडाशी बऱ्यापैकी उतार आहे म्हणजे बॉल आधी किंचित उचलला जातो आणि मग पळतो. तेव्हाची ग्रीन्स आजच्या मानाने वाढलेल्या गवताची आणि संथ असायची, तिथे बॉल गवतातून वर निघणं फायद्याचं होतं. आजच्या बारीक कापलेल्या ग्रीनवर मात्र छोट्या पटला बॉल आधी टुणकन उडतो आणि लाइन सोडतो. दोन पावलांचे पट मी यापेक्षा माझ्या साध्या पटरने बरे मारते. लांबच्या पटला मात्र हा खरंच मजा देतो, चाळीस फुटांवरून होलजवळ सारखा सारखा नेऊन ठेवला, नवरा बघत उभा होता त्याने पण मागितला आणि मग परत द्यायला तयार नाही.

एक टिप, मनगट अजिबात न हलवता खांद्यांनी झोका देणारी आजची स्टाइल याला मानवत नाही. ट्रॅव्हिस मनगटाने मारायचा आणि शिकवताना सांगायचा की बॉलच्या पाठीत एक बारीक खिळा बसवलेला आहे आणि तो ठोकून आत घालायचा आहे अशी कल्पना करा. तसं करून बघितलं तर पटर एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो. हाच धडा, म्हणजे मनगटं आणि ग्रिप आणि पाय अगदी जवळ घेऊन उभं राहणं, त्याने १९२४ मधे ऑगस्टाला बॉबी जोन्स या तरुण गोल्फरला दिला होता. जोन्स चौदा वर्षांचा होता तेव्हाच, १९१६ ला, म्हाताऱ्याने त्याचं पटिंग सुधारायला हवं म्हणून नोंदवलं होतं. त्या धड्यानंतर त्याच वर्षी जोन्सने पहिली यूएस अ‍ॅमेच्युअर जिंकली. आणि गंमत म्हणजे जोन्सचा प्रसिद्ध पटर जुन्या पद्धतीचा, पट्टीचाच. त्यामुळे 'या पटरने ब्रिटिशांना हरवलं' असं जे सगळे विक्रेते सांगतात ते मी तरी निम्मंच धरते.

बंदीचं पण तसंच. सगळीकडे ऐकायला मिळतं की हरल्याचा राग म्हणून तिथले गोल्फचे नियम ठरवणाऱ्या, सेंट अँड्र्यूजच्या आरअँडए ने पटरवर बंदी घातली. पण बंदी आली १९१० ला, सहा वर्षांनी, आणि सुरुवात झाली न्यूझीलंडच्या एका क्लबने क्रोके (हातोड्याने बॉल मारायचा खेळ) खेळतात त्या हातोड्यासारखा पटर चालेल का असं विचारल्यावर. हातोडे बंद करता करता दांडा मधे असलेलं सगळंच बंद झालं आणि त्यात हा पण सापडला. राग अजिबात नव्हता असं मी म्हणत नाही हां, सहा वर्षं म्हणजे काही फार नाहीत, पण निव्वळ सूडाची गोष्ट सांगायला जास्त चविष्ट आहे म्हणून चालते. अमेरिकेने ही बंदी मानली नाही, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट स्वतः हाच पटर वापरायचे. म्हणजे एकच पटर अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर कायदेशीर आणि दुसऱ्यावर नाही, आणि हे १९५१-५२ ला दोन्हीकडचे नियम एक होईपर्यंत चाललं.

ट्रॅव्हिस पुढेही थांबला नाही. १९०८ ला 'द अमेरिकन गोल्फर' मासिक काढलं, कोर्स आखले, आणि १९१५ ला त्रेपन्नाव्या वर्षी न्यूयॉर्क परिसराची मेट्रोपॉलिटन अ‍ॅमेच्युअर जिंकली, वाटेत जेरोम ट्रॅव्हर्सला हरवून, जो त्याच वर्षी यूएस ओपन जिंकला. फायनलच्या शेवटच्या होलवर लांबचा पट आत घातला, अर्थातच. १९२७ ला गेला.

घ्यायचा असेल तर दोन-तीन गोष्टी बघून घ्या. पेटंटची तारीख नीट उठलेली हवी, पॉलिश मारून गुळगुळीत केलेलं डोकं नको, चकाकी बघून भुलू नका. दांडा जिथे डोक्यात शिरतो तिथे बारीक चीर आहे का ते नखाने तपासा, तिथेच तुटतो. वळलेला दांडा चालेल, पोखरलेला नको. आणि इथल्या हिवाळ्यात हीटरच्या जवळ ठेवू नका, लाकूड सुकून डोकं सैल होतं, माझा आता बेसमेंटच्या जिन्याखाली असतो. 'ट्रॅव्हिसचा पटर' म्हणून कोणी चारशे-पाचशे मागायला लागला तर सरळ निघून या, १९०४ नंतर हा पटर धडाधड खपला, त्यामुळे थोडं फिरलात तर दुसरा मिळतो.