खसखशीच्या नावाखाली राजगिरा

लेकीचं बाळंतपण माझ्याकडे होतं. डिंकाच्या लाडवांसाठी खोबरं, खारीक, डिंक, गोडंबी सगळं आणून ठेवलं होतं, खसखस तेवढी राहिली होती. आमच्या नेहमीच्या वाण्याकडे भाव सोळाशे रुपये किलो. त्याच आठवड्यात सांगलीत एका मंगल कार्यालयात पापड, लोणची, मसाले असं तीन दिवसांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथं एका टेबलावर 'खसखस ९०० रु. किलो' अशी पाटी दिसली आणि मी थांबले.

विकणारा बोलायला गोड. "काकू, नीमचचा माल आहे. शेतकऱ्याकडून थेट, मधे दलाल नाही, म्हणून स्वस्त पडतो." नीमच म्हटल्यावर माझा विश्वास बसला. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. ही लागवड सरकारी परवान्याशिवाय करता येत नाही, ती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच होते आणि नीमच-मंदसौर हा त्यातला मोठा पट्टा, एवढं मला माहीत होतं. त्या माणसानं नेमकं तेवढंच वापरून घेतलं. देशात पिकते ती खसखस आपल्याला पुरत नाही, तुर्कस्तानातून आणावी लागते, म्हणूनच ती इतकी महाग असते. मग ही जवळपास निम्म्या भावात कशी, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

वाटीतली चिमूटभर त्यानं हातावर दिली. चावून बघितली, खरोखर चांगली होती. गोडसर, ताजी. पण मला दिलेल्या अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या टेबलाखालच्या खोक्यातून निघाल्या. सील केलेल्या, कोऱ्या. नाव नाही, पॅकिंगची तारीख नाही, अन्नपदार्थ विकण्याचा परवाना क्रमांक नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "प्रदर्शनात कुठं बिल असतं, काकू?" मी रोख नऊशे रुपये दिले आणि घरी आले.

रविवारी कोंबडीच्या रश्श्यासाठी दोन चमचे भिजवून वाटली. रस्सा उकळायला लागला तसा घट्ट होत गेला, पळीला खळीसारखा चिकटायला लागला. खसखशीनं रश्श्याला दाटपणा येतो, पण तो मऊ आणि स्निग्ध असतो. असा लगदा होत नाही. काजू जास्त पडले असतील असं वाटलं.

लाडवांच्या दिवशी मात्र कळलं. कढई जरा जास्तच तापली होती. वाटीभर खसखस टाकली आणि ढवळेपर्यंत तिच्यातून पांढऱ्या बारीक लाह्या उडायला लागल्या. खसखस तडतडते, जागच्या जागी थोडी उडते, पण ती फुलत नाही. फुलतो तो राजगिरा. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. आत लेक बाळाला पाजत होती, आणि तिच्यासाठी आणलेल्या जिनसात कुणीतरी हे कालवून ठेवलं होतं. राजगिरा सहसा कुणाला बाधत नाही, खरं आहे. पण सोबत आणखी काय घातलंय, हे मला कोण सांगणार होतं?

राहिलेल्यातली चमचाभर काळ्या ताटलीत पसरली आणि सासऱ्यांचं वाचायचं भिंग लावलं. खसखशीचा दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा, एका बाजूला खोलगट, वर जाळीदार नक्षी. राजगिऱ्याचा गोल, चपटा, गुळगुळीत, कडेला रेघ असलेला. आणि मधे मधे कोनदार, ठरावीक आकार नसलेले कण, तो रवा. त्या चमच्यात निम्म्याहून जास्त राजगिराच होता. चाळून उपयोग नाही, दोन्ही दाणे साधारण एकाच मापाचे. रव्याची शंका असेल तर चिमूटभर पाण्यात उकळून, गार करून, त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं की पिठूळ काहीतरी आहे. माझ्याकडच्या नमुन्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले तर टेबलं उचललेली. आयोजकांकडे त्या माणसाचा फक्त एक मोबाइल नंबर, तोही बंद. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: बिल आहे का?

लाडू शेवटी वाण्याकडच्या खसखशीचेच केले. आता मी शंभर ग्रॅमच्या वर आणत नाही. या दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, उन्हाळ्यात कपाटात ठेवली की महिन्या-दोन महिन्यांत खवट वास येतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवते. वाटायची तर गरम पाण्यात तासभर भिजवून आधी एकटीच, अगदी थोड्या पाण्यात वाटते, खोबरं नंतर घालते. नाहीतर दाणे पात्याखालून निसटत राहतात. (दुबईला कुणी माहेरचा मसाला नेत असेल तर खसखस अजिबात नेऊ नका, तिथं तिच्यावर बंदी आहे.)

दिवाळीच्या आधी अनारशांसाठी अशीच टेबलं पुन्हा लागतील. वाटीतली चव बघू नका, जी पिशवी हातात पडणार आहे ती तिथंच फोडायला लावा आणि चिमूटभर काळ्या कागदावर पसरून बघा. चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल, बिल मिळत नसेल, तर घेऊ नका. माझी उरलेली पिशवी मी तशीच बांधून, तारीख लिहून ठेवली आहे. सांगलीच्या त्या प्रदर्शनातून आणखी कुणी कोरी पिशवी आणली असेल तर ती फेकू नका, तुम्हीही तक्रार द्या. एकीपेक्षा चार तक्रारी गेल्या तर कुणीतरी नमुना तपासायला घेईल.