जुना डनहिल ‘शेल’ आणि मर्यादित आवृत्तीचा पाइप : काही महिन्यांच्या वापरानंतर

डनहिल या ब्रिटिश कंपनीचा १९५०च्या दशकातला ‘शेल’ हा तंबाखू ओढण्याचा पाइप आणि चांदीचे कडे बसवलेला, क्रमांक कोरलेला अलीकडचा मर्यादित आवृत्तीचा पाइप हे दोन्ही मी काही महिने आळीपाळीने वापरत आहे. संग्राहकाला दोहोंचे आकर्षण वाटते. वापरणारा म्हणून माझा कौल जुन्याला आहे आणि त्याचे कारण त्याचे वय हे नव्हे.

कारण आहे छिद्राची अचूकता. ‘शेल’मध्ये धुराचे छिद्र वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाच्या, अगदी तळाशी उघडते, त्यामुळे तंबाखू शेवटपर्यंत कोरडी जळते आणि पाइप क्लीनर (सफाईची लवचीक तार) वाटीला जोडलेल्या दांड्यातून न अडखळता आत जातो. मर्यादित आवृत्तीच्या पाइपमध्ये हेच छिद्र तळापासून किंचित वर आहे. तळाशी ओलसर तंबाखू उरते आणि क्लीनर सांध्यापाशी अडतो. चांदीचे काम कितीही देखणे असले, तरी ही उणीव त्याने भरून निघत नाही.

‘शेल’चा खडबडीत पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने घडवतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाजवळील गाठीपासून ब्रायर हे पाइपचे लाकूड मिळते. माऱ्यात त्याचा मऊ भाग झिजतो आणि कठीण रेषा उठून दिसतात. बोटांना त्यांची पकड फार चांगली लागते.

जुन्या पाइपची खरी निगा लागते ती स्टेमला, म्हणजे तोंडात धरायच्या नळीला. गंधकाने कठीण केलेल्या रबराचे हे व्हल्कनाइट प्रकाश आणि ओलाव्याने तपकिरी-हिरवट होते व कडवट लागते. म्हणून मी वापरानंतर स्टेम पुसून पाइप अंधारात ठेवतो. नव्या पाइपच्या ॲक्रिलिक स्टेमला हा त्रास नाही, पण दातांना ते फार कठीण वाटते. पाइप गरम असताना स्टेम काढू नये. दांड्याला तडा जाण्याचा धोका असतो.

खरेदीपूर्वी दांड्यावरचा ठसा भिंगातून पाहावा, कारण डनहिलच्या पाइपवर ‘इंग्लंड’ या शब्दानंतरच्या छोट्या आकड्यावरून निर्मितीच्या वर्षाचा अंदाज येतो आणि त्याला पेटंट क्रमांक व आकाराची जोड मिळाली की तो अंदाज पक्का होतो. नको इतके पॉलिश केलेल्या पाइपवर हा ठसा पुसट होतो, आणि मग लाकूड उत्तम असूनही संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल घटते.

वाटीत आधीच्या मालकाच्या सुगंधी तंबाखूचा वास मुरलेला असल्यास मीठ आणि शुद्ध अल्कोहोल रात्रभर ठेवून तो बराच कमी होतो. आतील काजळीचा थर मात्र मी सुमारे एक मिलिमीटर राखतो. तो फार जाड झाल्यास उष्णतेने वाटी फुटू शकते.

मर्यादित आवृत्तीचा पाइप मी आता केवळ संग्रहात ठेवणार आहे. पुढचा पाइप घेताना क्रमांकापेक्षा छिद्र, स्टेमचा सांधा आणि ठसा यांनाच मी प्राधान्य देईन.