ओढ्यातील जीवांची नोंद: हातजाळे, पाग की पाण्यातला डीएनए?

सह्याद्रीतून उतरणाऱ्या एखाद्या लहान ओढ्यात मूळचे कोणते मासे आणि जलचर टिकून आहेत, याची नोंद ठेवण्याचे ज्या निसर्गमंडळाने किंवा महाविद्यालयाने ठरवले आहे, त्याने साधन निवडण्यापूर्वी आपला ओढा नीट पाहावा.

पाणी गुडघाभर आणि तळ दगडगोट्यांचा असेल, तर माझे मत निःसंशय हातजाळ्याच्या बाजूने आहे. जाळ्याचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला करून ते तळाशी टेकवायचे, समोरचे दगड पायाने हलवायचे, म्हणजे दगडाला चिकटणारा मळ्या, वाळूत दडणारा मुरा, चतुराची पिल्ले, पाणविंचू आणि लहान खेकडे एकाच ट्रेमध्ये पाहायला मिळतात. (ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये मळ्या आणि मुरा ही इथल्या लोकांची नावेच शास्त्रीय नावांत घेतली, म्हणून गावातील मासे धरणाऱ्यांना आधी विचारणे हाही अभ्यासाचाच भाग समजावा.) काम खालून वर सरकत करावे, नाहीतर आपणच ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येतो. मासे ओल्या हातानेच धरावेत, सावलीतल्या बादलीत थोडाच वेळ ठेवावेत, आणि उलटलेले दगड पुन्हा होते तसे ठेवावेत, कारण त्यांच्या खालची बाजू हेच अनेकांचे घर असते.

डोहात मात्र हातजाळे अपुरे पडते. तिथे मोकळ्या पाण्यात फिरणाऱ्या दांडवणीसारख्या माशांसाठी पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, उपयोगी, पण फेकणारा हात सरावलेला हवा. मुळ्या आणि फांद्या असतील तिथे पाग अडकतो, आणि दगडाखालचे जीव त्यात येतच नाहीत.

पाणी गाळून त्यात जिवांच्या शरीरातून सुटलेला डीएनए तपासण्याच्या पद्धतीत एकाही जिवाला हात लागत नाही आणि कपारीत लपलेल्या, सापासारख्या लांब वांबेचाही सुगावा लागू शकतो, हे तिचे खरे बळ आहे. परंतु हा डीएनए प्रवाहाबरोबर वरून वाहत येतो; वरच्या गावात बाजारातले मासे धुतले, तरी त्यांची नोंद आपल्या ओढ्याच्या नावावर पडू शकते. शिवाय मासा केवढा होता, अंड्यांवर होता का, हे त्यातून कळत नाही, आणि ज्या जातीचा डीएनए तुलनेसाठी ठेवलेल्या संदर्भसंग्रहातच नाही तिची ओळख पटणार नाही. प्रयोगशाळेचा खर्च वेगळाच. त्यामुळे हातजाळ्याच्या नोंदी हाताशी आल्यावर, त्यांतून निसटलेल्यांच्या शोधासाठीच हा मार्ग धरावा असे मला वाटते.

बॅटरीचा शॉक देऊन मासे धरण्याचा विचारही करू नये. विष आणि स्फोटके तर १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच निषिद्ध ठरवली आहेत. ओढा अभयारण्यात असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. आणि साधन कोणतेही निवडले, तरी पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालण्यासाठी चढतात, त्या दिवसांत जाळे पाण्यात उतरवू नये.