बालकल्याण समितीची सुनावणी, लहान मुलांसाठी कशी आहे : 3 स्टार

कमिटी (म्हणजे काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणारी बालकल्याण समिती) मुंबई शहरची की उपनगरची ते लिहीत नाहीये, मुलीचं वय, शाळा, गावही नाही. जेजे ॲक्टच्या (बाल न्याय कायद्याच्या) कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे. एवढंच सांगते की आम्ही फॉस्टर कुटुंब आहोत, म्हणजे दत्तक न घेता दुसऱ्यांचं मूल कमिटीच्या ऑर्डरने घरी सांभाळतो, आमच्याकडची मुलगी अजून बरीच लहान आहे आणि तिच्या केसच्या तारखांना तिलाही न्यावं लागतं.

आधी चांगलं. खोली कोर्टासारखी नाहीये. नियमच आहे की कमिटीने उंच स्टेजवर बसायचं नाही, मुलामध्ये आणि त्यांच्यामध्ये कठडा-पिंजरा असलं काही नको, आणि इथे ते खरंच पाळतात. एक मॅडम तर खुर्ची सोडून तिच्याशेजारी बाकावर येऊन बसल्या, आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, आणि नंतर तिनेच मला सांगितलं की त्यांनी काय विचारलं तर म्हणे वेणी कोण घालतं, रात्री भीती वाटली तर कोणाला उठवतेस, डब्यात काय आवडतं. एवढ्या लहान मुलाला असंच विचारायचं असतं! यातूनच कळतं ना मूल कुठे रुळलंय, कोणाची आठवण काढतंय.

आता दुसऱ्या एका तारखेला काय झालं ते. त्या मॅडम नव्हत्या, आणि दुसऱ्या मेंबरनी तिची सख्खी आई आणि मी दोघी समोर बसलेलो असताना सरळ विचारलं, "बेटा, तुला कोणाकडे राहायचंय?" ती गप्प. परत विचारलं, परत गप्प, फ्रॉकचं टोक पिळत बसली. तिच्या आईचे डोळे भरले, माझेही. एवढं लहान मूल दोन बायांपैकी एकीला सगळ्यांसमोर नको म्हणेल का हो? आणि ती गप्प बसली याचा अर्थ तिला मत नाही असा धरू नका ना. कायद्याच्या कलम 3 मध्ये मुलाच्या सहभागाचं तत्त्व स्पष्ट आहे, त्याचं म्हणणं वय आणि समज बघून विचारात घ्यायचं. वय बघून म्हणजे प्रश्नही त्या वयाचा हवा.

सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे निर्णय तिला कोणी सांगितलाच नाही. ऑर्डर आमच्या हातात दिली, सही घेतली, पुढची तारीख दिली, झालं. आईच्या भेटी चालू राहणार हे (कलम 44 मध्ये तशी तरतूद आहे, मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तर) मला तिला ट्रेनमध्ये गर्दीत सांगावं लागलं. ती म्हणाली, "मग मला कशाला विचारलं त्यांनी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं बोलणं ऐकून काय ठरलं आणि का ठरलं हे त्याच मॅडमनी पाच मिनिटं तिला आत बोलावून सांगितलं असतं तर खूप फरक पडला असता.

वेटिंगचं तर विचारूच नका. कायद्याने महिन्यातून किमान 20 दिवस कमिटी बसायला हवी, तरी नंबर यायला दुपार होते, आणि पॅसेजमध्ये त्याच वेळी पोलीस नवीन मुलांना घेऊन येतात, कोणी रडतंय, कोणी घाबरलंय, ते सगळं ही बघत बसते आणि घरी आल्यावर रात्री झोपत नाही. लहान मुलांचे नंबर सकाळी आधी घ्या, एवढी साधी मागणी आहे माझी.

जाणाऱ्यांसाठी : डबा, पाणी, चित्रकलेची वही न्या, ऑर्डरच्या झेरॉक्स आणि शाळेचं बोनाफाईड जवळ ठेवा. मुलाला आदल्या दिवशी सांगा की तिथे कोण असेल, काय विचारतील, आणि "माहीत नाही" म्हटलं तरी चालतं. पण काय बोलायचं ते मात्र पढवू नका, कमिटीला लगेच कळतं आणि मुलावर ओझं येतं. आणि मुलाच्या बाजूने बोलणारा वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, मुलांना तो हक्कच आहे. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या एका फॉस्टर ताईंकडून कळलं, तुम्ही पहिल्याच तारखेला कमिटीसमोर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.